खणण्याआधीच ‘नाही’ म्हणणारी माणसं: तेल, जंगल आणि इक्वेडोरमधली दोन ठिकाणं

सायली_र

इक्वेडोरच्या पूर्वेला अ‍ॅमेझॉनचं जंगल आहे. तिथल्या दोन ठिकाणांविषयी बरेच दिवस वाचतेय, म्हणून हा धागा. उत्तरेला लागो आग्रिओ. तिथे तेल निघालं, पाणी नासलं आणि मग लोक कोर्टात गेले. दक्षिणेला बोबोनासा नदीकाठी सारायाकू. तिथल्या लोकांनी तेल निघूच दिलं नाही. सरकार तेच, कायदे तेच, जंगलही तेच. मला यातून एवढंच दिसतं की ज्यांनी आधी अडवलं त्यांचीच नदी वाचली. नंतर मिळालेल्या निकालांनी आणि भरपाईने पाणी परत आलेलं नाही.

आधी लागो आग्रिओ. टेक्साको या अमेरिकी कंपनीला तिथे तेल काढण्याचा हक्क १९६४ मध्ये मिळाला. १९६७ मध्ये कोफान लोकांच्या मुलखात पहिली विहीर लागली आणि १९७२ पासून अँडीज ओलांडून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत तेल वाहायला लागलं. १९९० पर्यंत सगळा कारभार टेक्साकोकडे होता, सरकारी तेल कंपनी भागीदार होती. १९९२ मध्ये टेक्साको देशातून बाहेर पडली. कोफान, सिओना, सेकोया, किचवा आणि नंतर तिथे वस्तीला आलेले शेतकरी मागे राहिले. आणि खड्डे राहिले.

हे खड्डे नीट समजून घ्यायला हवेत. प्रत्येक विहिरीशेजारी जमिनीत उघडा खड्डा खणायचा आणि खोदकामाचा चिखल, तेलाचा गाळ त्यात सोडायचा. तळाला अस्तर नाही, वर छप्पर नाही. काठाला एक वाकवलेला पाइप बसवलेला, म्हणजे पावसाने खड्डा भरला की वरचं पाणी आपोआप शेजारच्या ओढ्यात जाईल. आणि हा वर्षभर पाऊस पडणारा प्रदेश. असे शेकडो खड्डे. शिवाय तेलाबरोबर वर येणारं खारं, विषारी पाणी सरळ ओढ्या-नद्यांत सोडलं जायचं. ते सुमारे १६ अब्ज गॅलन, म्हणजे सहा हजार कोटी लिटरच्या आसपास होतं, असं फिर्यादींचं म्हणणं. कच्च्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून कच्चं तेल ओतायचे. त्यावरून अनवाणी चालत घरी आलेल्या पोरांचे पाय पेट्रोलने पुसावे लागायचे. ज्या ओढ्यात मासे धरायचे, आंघोळ करायची, ज्याचं पाणी प्यायचं, तोच ओढा हा. दुसरं पाणी नव्हतं.

१९९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खटला दाखल झाला. आठ-नऊ वर्षांनी तिथल्या कोर्टाने सांगितलं की हा खटला इक्वेडोरमध्ये चालवा. तोवर टेक्साको शेव्हरॉन या दुसऱ्या अमेरिकी तेल कंपनीत विलीन झाली होती. २००३ मध्ये लागो आग्रिओत नव्याने सुरुवात. २०११ च्या फेब्रुवारीत निकाल लागला, आणि २०१३ मध्ये देशाच्या सर्वोच्च पातळीवर साडेनऊ अब्ज डॉलरची रक्कम कायम झाली. त्यातला एक डॉलरही सुमारे ३० हजार बाधितांपर्यंत पोचलेला नाही. कारण शेव्हरॉनची इक्वेडोरमध्ये जप्त करण्याजोगी मालमत्ताच नव्हती आणि बाहेरच्या देशांत वसुलीचे प्रयत्न एकेक करून फसले. (अमेरिकेतल्या न्यायालयाने हा निकाल फसवणुकीने मिळवला असंही ठरवलं आहे. तो भाग कायद्यातलं कळणाऱ्या कोणी लिहिला तर बरं होईल.)

आता सारायाकू. साधारण १,२०० किचवा लोकांचं हे गाव. रस्ता नाही, होडीने किंवा छोट्या विमानाने जावं लागतं. १९९६ मध्ये सरकारने ब्लॉक २३ हा पट्टा सीजीसी या अर्जेंटिनातल्या कंपनीला दिला. त्या पट्ट्याचा निम्म्याहून अधिक भाग सारायाकूच्या हद्दीतला. गावाला कोणी विचारलं नव्हतं. पुढे कंपनीची माणसं आली ती पैसे आणि नोकऱ्यांचं आश्वासन घेऊन: ६० हजार डॉलर आणि पुरुषांसाठी ५०० नोकऱ्या. जून २००० मध्ये ग्रामसभेने नकार दिला. मग कंपनीच्या वतीने डॉक्टरांचं पथक फिरलं. तपासून घ्यायचं तर यादीवर सही करा. त्या सह्या पुढे कंपनीला पाठिंब्याचं पत्र म्हणून दाखवल्या गेल्या. हे सगळं आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे.

नोव्हेंबर २००२ मध्ये भूकंपमापन सर्वेक्षणाची, म्हणजे जमिनीत छोटे स्फोट करून तेल कुठे आहे ते शोधणारी पथकं लष्कराच्या संरक्षणात जंगलात शिरली, तेव्हा गावाने आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद, शेती बंद. बायका, मुलं, म्हातारी माणसं सगळी हद्दीवर जाऊन राहिली. सहा ठिकाणी तळ पडले. त्यांना ते ‘शांतता आणि जीवनाचे तळ’ म्हणत. एकेका तळावर साठ ते शंभर माणसं, आणि हे महिनोन्‌महिने. शेतात कोणी नसल्यामुळे खायची मारामार झाली, जंगलात मिळेल त्यावर भागवलं. तोवर कंपनीने सारायाकूच्या जमिनीत ४६७ भोकं पाडून सुमारे १,४३३ किलो पेंटोलाइट हे स्फोटक पुरलं होतं. पण २००३ च्या सुरुवातीला काम थांबलं ते थांबलंच. २७ जून २०१२ ला न्यायालयाने इक्वेडोर सरकारला दोषी ठरवलं. त्याआधी एप्रिलमध्ये न्यायाधीश स्वतः सारायाकूत गेले होते. त्या न्यायालयाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच झालं. तिथेच सरकारच्या प्रतिनिधीने जबाबदारी मान्य केली.

खोल पुरलेली स्फोटकं निकालानंतरही वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली, म्हणजे सारायाकूचंही सगळं गोड झालं असं नाही. पण बोबोनासाचं पाणी लोक आजही वापरतात. लागो आग्रिओच्या कोणाला हे म्हणता येणार नाही.

मंदार_ग

सविस्तर लिहिलंत, आभार. एक शंका आहे. वर येणारं पाणी ओढ्यात सोडण्यावाचून त्या काळी दुसरा मार्गच नव्हता का? आजच्या मापाने १९७० चं तंत्रज्ञान जोखतोय असं तर होत नाही ना?

पेट्रो_अनिकेत

मी तेलक्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून मंदारना उत्तर देतो. मार्ग होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता.

तेल एकटं कधीच येत नाही. त्याच्याबरोबर खडकातलं लाखो वर्षं कोंडलेलं पाणी येतं. आमच्यात त्याला प्रोड्यूस्ड वॉटर म्हणतात. ते कित्येकदा समुद्राच्या पाण्याहून खारट असतं. त्यात बेंझीनसारखी द्रव्यं असतात, बेरियम, शिसं, कधी थोडा किरणोत्सार. वर येताना ते चांगलंच गरम असतं. विहीर जुनी होत जाते तसं तेल कमी आणि पाणी जास्त. दहा पिंपं वर आली आणि त्यातली नऊ पाण्याची निघाली, तर आम्हाला त्याचं नवल वाटत नाही. म्हणजे क्षेत्र म्हातारं झालं, तेलाचं उत्पन्न घटलं, तरी प्रदूषण वाढतच जातं. बाहेरच्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही.

हे पाणी वेगळी विहीर खणून दाबाखाली पुन्हा खोल थरात सोडायचं, ज्याला रिइंजेक्शन म्हणतात, ते तंत्र अमेरिकेत १९७० च्या आधीच रुळलेलं होतं. खर्च येतो: पंप, वेगळ्या विहिरी, गंजणारे पाइप, देखभाल. तो खर्च वाचवला, इतकंच. खड्ड्याला अस्तर घालायलाही कुठलं नवं संशोधन लागत नव्हतं.

खड्डा बुजवणं म्हणजे काय, तेही सांगतो. वरून माती पसरली, गवत उगवलं की फोटोत छान दिसतं. पण गाळ खालीच असतो आणि पावसाळ्यात भूजलाबरोबर सरकत राहतो. टेक्साकोने १९९५ च्या करारानुसार ४ कोटी डॉलर खर्चून आपल्या वाट्याच्या काही जागा साफ केल्या आणि १९९८ मध्ये सरकारने त्यांना मोकळं केलं. कंपनीचा बचाव मुख्यतः त्या कागदावर उभा आहे. जिथे तो गाळ आहे तिथल्या माणसांची सही त्या कागदावर नव्हती.

विदुला

अनिकेत, तुमच्या मुद्द्याला धरून पेरूचं उदाहरण देते. सायलीच्या मांडणीत ते थोडं मध्येच बसतं, म्हणून महत्त्वाचं.

पेरूच्या उत्तरेला कोरिएंतेस नदीच्या खोऱ्यात अचुआर लोक राहतात. तिथे १९७१ पासून ऑक्सिडेंटल या कंपनीने आणि २००० नंतर प्लुसपेट्रोल या कंपनीने तेल काढलं. पाणी तसंच नदीत. २००५ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने रक्ततपासणी केली तेव्हा बहुसंख्य मुलांच्या रक्तात शिसं मर्यादेच्या वर निघालं, कॅडमियम तर जवळजवळ सगळ्यांच्या. अहवाल आला आणि तरी काही हाललं नाही.

मग ऑक्टोबर २००६ मध्ये शेकडो अचुआर, बायकामुलांसकट, विहिरींवर आणि धावपट्टीवर जाऊन बसले. सुमारे दोन आठवडे उत्पादन ठप्प. रोजचं नुकसान दिसायला लागल्यावर सरकार आणि कंपनी वाटाघाटीला आली. त्याला दोरिस्सा करार म्हणतात. सगळं पाणी पुन्हा जमिनीत सोडायचं, आरोग्यसेवेला निधी, लोकांना स्वच्छ पिण्याचं पाणी. ३५ वर्षं जे परवडत नव्हतं ते दोन-तीन वर्षांत बसवून झालं.

म्हणजे तेल निघायला लागल्यावरही लोकांच्या हातात काहीतरी असतं. मात्र कोर्टाच्या पायऱ्यांपेक्षा नळ बंद करण्याची ताकद जास्त कामाला आली, हे दिसतंच. आणि त्याआधीच्या ३५ वर्षांचा गाळ अजून तिथेच आहे.

शेखर_७२

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. इक्वेडोर काही श्रीमंत देश नाही. सरकारी तिजोरीत तेलाचा मोठा वाटा. दवाखाने, रस्ते, शिक्षकांचे पगार त्यातून होतात. हजार-बाराशे लोकांचं गाव संपूर्ण देशाच्या उत्पन्नाला ‘नाही’ म्हणू शकतं, हे तत्त्व म्हणून मान्य करायचं का? जमिनीखालची संपत्ती देशाची असते, बहुतेक राज्यघटनांत तसं लिहिलेलं आहे. प्रदूषण करणाऱ्याला कडक शिक्षा करा, माझा पूर्ण पाठिंबा. पण खणूच द्यायचं नाही?

सायली_र

शेखर, राग कसला, हाच प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

कायद्याचं तुम्ही म्हणता ते बरोबर. सारायाकूला १९९२ मध्ये सरकारनेच जमिनीचे हक्क दिले, पण पोटातलं तेल सरकारचं. इक्वेडोरने १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार मान्य केला, २००८ च्या घटनेतही आदिवासींशी आधी सल्लामसलत करण्याचं बंधन आहे. पण सल्लामसलत म्हणजे नकाराधिकार नाही. २०१२ च्या निकालानेही तसा सरसकट अधिकार दिलेला नाही. विचारायचं ते आधी, प्रामाणिकपणे, त्या लोकांच्या पद्धतीने आणि सहमतीच्या हेतूने. आणि विचारायचं सरकारने, कंपनीवर ढकलायचं नाही, एवढं त्यात आहे.

पण पैशाचा मुद्दा मला पटत नाही. पन्नास वर्षं तेल काढून सुकुंबिओस आणि ओरेयाना हे तेलाचे प्रांत आजही देशातल्या गरीब प्रांतांत मोडतात. संपत्ती पाइपलाइनने गेली, गाळ राहिला. ‘देशाच्या हितासाठी’ म्हणताना तो देश नेमका कोण, हे त्या ओढ्याकाठच्या बाईला विचारल्याशिवाय ठरू नये असं मला मनापासून वाटतं.

शिवाय ‘काढू द्या, प्रदूषण केलं तर शिक्षा करा’ हा मार्ग लागो आग्रिओने पूर्ण चालून बघितला. १९९३ पासून. मुख्य लेखात त्याचं काय झालं ते आहेच.

अ‍ॅड_केतकी

सायलीताईंनी न्यूयॉर्कच्या निकालाचा उल्लेख केलाय, तो अर्धवट राहू नये.

मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने निर्णय दिला की इक्वेडोरमधला निकाल फिर्यादींच्या अमेरिकन वकिलाने लाच आणि बनावट पुराव्यांच्या आधारे मिळवला. २०१६ मध्ये अपिलातही तो टिकला. २०१८ मध्ये हेगच्या लवादानेही शेव्हरॉनच्या बाजूने कौल दिला. त्या वकिलाची सनद गेली. दुसरीकडे, ज्या मुख्य साक्षीदारावर न्यूयॉर्कचा निकाल बराचसा विसंबून होता त्याला शेव्हरॉनकडून पैसे मिळत होते, आणि लवादापुढे त्याने आधीच्या काही विधानांपासून माघार घेतली. दोन्ही बाजू वाचणाऱ्याने हे सगळं समोर ठेवावं.

पण एक गोष्ट नजरेतून सुटते. जंगलात पूर्वी काय घडलं आणि त्याला जबाबदार कोण, हा आपल्यापुढचा प्रश्न नाही, असं न्यूयॉर्कच्या त्या निकालपत्रात न्यायाधीशांनी स्वतःच म्हटलंय. म्हणजे वीस वर्षांच्या भांडणाअंती वकिलांच्या वागणुकीवर निकाल आहे, कागदपत्रांवर निकाल आहे, करारांवर निकाल आहे. खड्ड्यांची साफसफाई कोणी करायची हे सांगणारा आणि प्रत्यक्षात वसूल होईल असा आदेश एकही नाही. वकील म्हणून मला याचं फार वाईट वाटतं. चूक वकिलांची असेल तर त्याची किंमत अशिलाने नासलेल्या पाण्यात का मोजावी?

निशिगंध

नायजेरियाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. नायजर डेल्टातल्या ओगोनी लोकांच्या मुलखात १९५८ मध्ये तेल लागलं. १९९० मध्ये त्यांनी आपल्या हक्कांची सनद मांडली. ४ जानेवारी १९९३ ला सुमारे तीन लाख ओगोनी रस्त्यावर उतरले. त्यांची सगळी लोकसंख्याच पाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे घरात कोण राहिलं असेल बघा. त्याच वर्षी शेल या तेल कंपनीने तिथलं उत्पादन थांबवलं. आणि १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी सरकारने त्यांचे नेते, लेखक केन सारो-विवा यांना आणि आणखी आठ जणांना फाशी दिली.

सायली, तुमच्या मुद्द्याला इथे एक कडवट पुरवणी आहे. शेल १९९३ मध्ये ओगोनीलँडमधून उत्पादन थांबवून निघाली, तरी दुसऱ्या भागातलं तेल नेणाऱ्या पाइपलाइन त्यांच्याच शेतांतून, खाड्यांतून जात राहिल्या आणि गळत राहिल्या. २००८ मध्ये बोडो गावाजवळ दोन मोठ्या गळत्या झाल्या. खारफुटी मेली, मासेमारी संपली. २०१५ मध्ये लंडनमध्ये ५ कोटी ५० लाख पौंडांवर तडजोड झाली, त्यातून १५,६०० लोकांना माणशी साधारण २,२०० पौंड आले.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०११ चा अहवाल वाचावाच. ओगालेजवळच्या एका वस्तीत लोक ज्या विहिरींचं पाणी पीत होते त्यात बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त होतं. ती जागा सरकारी तेल कंपनीच्या पाइपलाइनजवळची होती, हेही नोंदवतो. सगळं पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं त्या अहवालात म्हटलंय.

शेखर_७२

नायजेरियात स्थानिक लोकच पाइप फोडून तेल चोरतात, घरगुती भट्ट्यांत गाळतात, हेही सांगा की. सगळा दोष कंपनीचा कसा?

निशिगंध

शेखर, चोरी होते. बेकायदा भट्ट्यांनी खाड्या नासल्यात, त्या अहवालातही ते आहे. पण ‘घातपात’ हे उत्तर प्रत्येक गळतीला चालत नाही. बोडोच्या बाबतीत कंपनीने स्वतःच यंत्रणेतला दोष मान्य केला. दुसरं, २००८ मध्ये चार शेतकऱ्यांनी नेदरलँड्समध्ये खटला भरला. शेलचं म्हणणं तेच, घातपात. जानेवारी २०२१ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने सांगितलं की गोई आणि ओरुमा या दोन गावांत घातपात सिद्ध झालेला नाही, कंपनीची नायजेरियन उपकंपनी जबाबदार. गळती ओळखणारी यंत्रणा बसवण्याचाही आदेश दिला. निकालाची वाट बघता बघता काही फिर्यादी वारले, त्यांचा खटला मुलांनी चालवला.

आणि मासेमारी मेलेल्या गावातला तरुण पोरगा भट्टीवर का जातो, हेही बघायला हवं. त्याचं समर्थन करत नाही. पण त्याच्या आजोबांच्या हातात जाळं होतं.

विदुला

आणखी एक राहिलं. विरोध करणारे सगळे एकदिलाने उभे असतात असं आपण धरून चालतो. सारायाकूच्या आजूबाजूच्या काही गावांनी सीजीसीशी करार केले होते. त्यानंतर सारायाकूच्या लोकांना बोबोनासा नदीवरून खाली-वर जाणं मुश्कील झालं, आणि डिसेंबर २००३ मध्ये मोर्चाला निघालेल्यांवर कानेलोसमध्ये हल्ला झाला. एकमेकांचे सोयरे असलेली गावं ही. विहीर खणली जाण्याआधीच हे नुकसान झालेलं असतं आणि ते कुठल्या भरपाईत धरलं जात नाही.

मंदार_ग

अनिकेत, विदुला, निशिगंध, खूप नवीन कळलं. आता सध्याची स्थिती काय? इक्वेडोरमधल्या यासुनीच्या जंगलातलं तेल काढायचं की नाही यावर मतदान झालं होतं, त्याचं पुढे काय झालं?

सायली_र

मंदार, आधी इक्वेडोरच्याच अ‍ॅमेझॉनमधल्या वाओरानी आदिवासींचं सांगते, कारण यासुनीकडे त्याच वाटेने जावं लागतं. सरकारने २०१२ मध्ये त्यांच्या गावांत ‘सल्लामसलत’ उरकली होती आणि त्या जोरावर ब्लॉक २२ लिलावात काढायचा होता. नेमोंते नेन्किमो यांच्या नेतृत्वाखाली वाओरानी पुयो शहरातल्या कोर्टात गेले. पहिल्या सुनावणीत दुभाष्याची नीट सोय नव्हती, तेव्हा म्हाताऱ्या बायका उठून गायला लागल्या आणि इतक्या गात राहिल्या की सुनावणी तहकूब करावी लागली. २६ एप्रिल २०१९ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर जंगल वाचलं, एकही विहीर खणली जाण्याआधी.

यासुनीत मात्र खणून झालेलं होतं. २० ऑगस्ट २०२३ ला देशभर मतदान झालं आणि सुमारे ५९ टक्के लोकांनी ब्लॉक ४३ मधलं तेल जमिनीतच राहू द्या म्हणून कौल दिला. शेखर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे देशानेच दिलं असं मी मानते. पण एक गोष्ट लपवत नाही: ओरेयाना आणि सुकुंबिओसमध्ये बहुमत तेल चालू ठेवण्याच्या बाजूने होतं. पन्नास वर्षांत मासे गेले, शिकार गेली, उरली ती कंपनीची रोजंदारी. त्या लोकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

विहिरी बंद करायला वर्षाची मुदत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ती संपली तेव्हा दोनशेहून जास्त विहिरींपैकी बोटांवर मोजण्याइतक्याच बंद झाल्या होत्या आणि सरकार आणखी पाचेक वर्षं मागत होतं. मार्च २०२५ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाचा निकाल जाहीर झाला. यासुनीत बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवता राहणारे तागाएरी आणि तारोमेनाने यांच्या हक्कांचं सरकारने रक्षण केलं नाही असं त्यात ठरवलंय, आणि मतदानाचा कौल अमलात आणायलाही सांगितलंय.

अनिकेत, तुम्हाला विचारायचंय: विहीर कायमची बंद करायची म्हणजे प्रत्यक्ष काय काय करावं लागतं? पाच वर्षं लागतात हे सरकारचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या कितपत खरं?

पेट्रो_अनिकेत

सायली, बंद करायचं म्हणजे आधी वरचा झडपांचा संच सुरक्षित करायचा, आतली नळी बाहेर काढायची, मग तेलाच्या थरापाशी आणि वर गोड्या पाण्याच्या थराखाली सिमेंटचे बूच भरायचे, ते दाब देऊन तपासायचे आणि शेवटी वरचं तोंड कापून झाकायचं. एका रिगने, म्हणजे विहिरीवर उभ्या करायच्या अवजड यंत्राने, एक विहीर काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत होते. दोनशेच्या वर विहिरी, दलदलीचा भाग, अवजड सामान नदीतून न्यायचं. एका वर्षात सगळ्या होणार नाहीत, हे सरकारचं खरं आहे. पण उत्पादन थांबवायला सिमेंट लागत नाही. झडप बंद केली की तेल थांबतं, ते दिवसा-दोन दिवसांचं काम. बूच भरायचं काम मागून चालू राहू शकतं. त्यामुळे पाच वर्षं कशासाठी मागितली, विहिरी बुजवायला की तेल काढत राहायला, हे विचारायला हवं. पाइपलाइन धुणं आणि मातीची सफाई याबद्दल उद्या वेगळा प्रतिसाद लिहितो, तो मोठा होईल.